बारांतले उरले दोघे

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक म्हणून आपल्याला ठाऊक असतात, मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे शेतीतज्ज्ञ म्हणून त्याहून थोडे कमी. शेतीशास्त्र शिकून १९१३ साली ते ज्या कॉलेजातून बाहेर पडले, ते पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट. सिॲटलपासून साडेचारशे किलोमीटर आत, आयडाहो राज्याच्या सीमेला चिकटून असलेले हे गाव. चहूकडे गव्हाच्या टेकड्या आणि मसुराची शेती. विद्यापीठाच्या डेअरीत डबाबंद चीज तयार होते आणि गावात दर वर्षी मसुराचा उत्सव भरतो. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे निघाली. पुलमन त्यांतलेच, आणि शेजारच्या ओरेगॉन राज्यातले कॉर्वालिसचे ओरेगॉन स्टेटही. या लेखात मला या दोघांविषयी सांगायचे आहे.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. २ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स स्थापन केली. त्या चौघांत कॉर्वालिस होते; पुलमन १९१७ मध्ये आले. पुढे वाढत वाढत बारा सभासद झाले आणि 'पॅक-१२' हे नाव रूढ झाले. लॉस एंजेलिसचे बलाढ्य संघ दर काही वर्षांनी पुलमनच्या मैदानावर येत. तेहतीस हजारांच्या गावात जवळपास तेवढ्याच खुर्च्यांचे स्टेडियम. टीव्हीचे पैसे बाराजणांत सारखे वाटले जात आणि अखेरच्या काळात एकेकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर येत. माझ्या मते कॉन्फरन्सचे खरे मोल या सारख्या वाटणीत होते. अमेरिकन फुटबॉलच्या त्या पैशावर पोहणे, नौकानयन, ॲथलेटिक्स असे सगळे खेळ चालत.

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली. त्यानंतर प्रत्येक कॉन्फरन्स आपापला सौदा करू लागली आणि कोणत्या शहरात किती घरे टीव्ही लावतात यावर विद्यापीठाची किंमत ठरू लागली. पुलमनभोवती घरे कमी आणि गहू जास्त. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिग टेन कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. त्याच्या दीड महिना आधीच, ३० जूनला, यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी बिग टेनची वाट धरल्याचे जाहीर झाले होते. पॅक-१२ च्या नेतृत्वाने पुढचे वर्ष वाटाघाटींत घालवले. ईएसपीएनने प्रत्येकी तीन कोटींच्या आसपासचा प्रस्ताव दिला होता असे छापून आले. तो घेतला गेला नाही. शेवटी हातात उरला ॲपलचा, वर्गणीदारांच्या संख्येवर झुलणारा प्रस्ताव. जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो गेले. ४ ऑगस्टच्या एकाच दिवशी पाचजण गेले, त्यांत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही कॉर्वालिस-पुलमनची सख्खी शेजारी विद्यापीठे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली, तीही कितीतरी कमी वाटा पत्करून.

हे पहिल्यांदा घडले असे मात्र नाही, आणि आधीचा इतिहास वाचताना मला फार वाईट वाटले. १९५९ मध्ये मूळ संघटना मोडली तेव्हाही मोठ्या पाचजणांनी आपली वेगळी चूल मांडली होती. पुलमनला आत यायला १९६२ उजाडले, कॉर्वालिसला १९६४. आयडाहो विद्यापीठाला कधीच घेतले नाही. पुलमनहून आयडाहोचे आवार अवघ्या तेरा किलोमीटरवर आहे. १९२२ पासूनचे हे सभासद पुढे छोट्या गटांत फिरत राहिले आणि २०१८ साली फुटबॉलमधल्या सर्वोच्च विभागातून स्वतःहून खाली उतरणारे पहिले विद्यापीठ ठरले. पुलमनच्या लोकांना आपले भविष्य काय असू शकते ते सीमेपलीकडे रोज दिसते.

पॅक-१२ मध्ये उरलेले दोघे, पुलमन आणि कॉर्वालिस, कोर्टात गेले. व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल दिला की कॉन्फरन्सचा कारभार उरलेल्यांनीच पाहावा. डिसेंबरात तडजोड झाली आणि जाणाऱ्या दहाजणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. पण खेळाडू आणि प्रशिक्षक कोर्टाच्या हुकमाने थांबत नाहीत. कॉर्वालिसचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक. तेही मिशिगन स्टेटला गेले. पुलमनचा कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला ठरला. सप्टेंबर २०२४ मध्ये सिॲटलला पुलमनने वॉशिंग्टनला २४-१९ असे हरवले. तो दिवस त्यांचा होता.

पुढे या दोघांनी काय केले, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. मोडकी संघटना पुन्हा उभारण्यासाठी त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉयसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट यांच्यासह पाच विद्यापीठे फोडली. फुटबॉल न खेळणारे गोन्झागा आले आणि सन बेल्ट कॉन्फरन्समधून टेक्सस स्टेट. नवी घडी १ जुलै २०२६ पासूनची. माउंटन वेस्टने भरपाईसाठी एल पासोच्या विद्यापीठाला ओढले, सन बेल्टने लुइझियाना टेकला. ज्याचे ताट ओढले गेले, त्याने खालच्याचे ओढले. यात कुणा एकाला खलनायक ठरवणे मला जमत नाही, पण साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही, ही खंत आहे.

त्यात भर म्हणजे, जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका वेगळ्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळावा, हे न्याय्यच आहे. पण ज्यांचे उत्पन्न आटले, त्यांनी तो आणायचा कुठून? त्याच महिन्यात पुलमनने उड्या आणि फेकीचे प्रकार बंद करून ॲथलेटिक्स मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यापुरते ठेवले. याच विद्यापीठाच्या धावपटू हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते.

कॉर्वालिसच्या आवारात डिक फॉस्बरीचा पुतळा आहे, दांडीवरून पाठ वळवून जाणारा. शाळेत असताना सुरू केलेली त्याची ती उडी याच विद्यापीठात पक्की झाली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्ण मिळवले. आज जगभर उंच उडी त्याच पद्धतीने मारतात. विद्यापीठाचा ॲथलेटिक्स संघ १९८८ मध्ये पैशाअभावी बंद झाला. महिलांचा संघ पुढे पुन्हा सुरू झाला. पुरुषांचा झाला नाही.