झुंज की प्रवास?

गंभीर आजार आणि मृत्यूबद्दल माणसे कोणत्या रूपकांत बोलतात, याचा अभ्यास इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो यांच्या गटाने २०१२ पासून केला. प्रगत कर्करोगाचे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि डॉक्टर-परिचारिका यांच्या मुलाखती व इंटरनेटवरील लेखन मिळून सुमारे १५ लाख शब्द जमले. त्यातील थोडा भाग संशोधकांनी स्वतः बारकाईने वाचला. मग संपूर्ण मजकुरात युद्ध, प्रवास अशा अर्थांचे शब्द संगणकाने शोधले.

लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्येच आजाराच्या लष्करी भाषेवर टीका केली होती. आजार ही लढाई मानली, की मृत्यू हा रुग्णाचा पराभव ठरतो आणि दोष त्याच्याच माथी येतो. मराठी वृत्तपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्यांतली ‘झुंज अपयशी’ ही शब्दयोजनाही त्याच वळणाची. लँकेस्टरच्या मजकुरात हा सल दिसलाच. पण काहींना स्वतःला लढवय्या म्हणण्यातून खरोखर बळ मिळत होते, आणि ‘प्रवास’ हे सौम्य रूपकही काहींना लादलेल्या, दिशाहीन वाटेसारखे जाचत होते. लढाईच्या भाषेवर सरसकट बंदीची मागणी म्हणूनच घाईची वाटते.

२०१८ च्या एका प्रयोगात वाचकांना रुग्णाचे तेच वर्णन दोन रूपकांत दिले. लढाईचे वर्णन वाचणाऱ्यांना, बरे न झाल्यास रुग्णाला अपराधी वाटेल असे अधिक वाटले; प्रवासाचे वाचणाऱ्यांना, तो परिस्थिती शांतपणे स्वीकारू शकेल असे.

पुढे सेमिनो यांच्या गटाने कर्करुग्णांसाठी रूपकांचा ‘मेन्यू’ तयार केला. त्यात संगीत आहे, निसर्ग आहे, घरात घुसलेला नकोसा भाडेकरूही आहे. रुग्णाने आपल्याला पटेल ते घ्यावे.