भिलाई-३ : या आठवड्यात ऊन वाढेल, पण वाऱ्याकडे लक्ष ठेवा

मार्चअखेर आली, छत्तीसगडच्या मैदानात पारा आता झपाट्याने चढेल. पण नुसती चाळिशी गाठली म्हणजे उष्णतेची लाट नव्हे. पारा सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वर हवा, किंवा थेट ४५ वर.

माझं सगळं लक्ष वाऱ्याकडे आहे. वायव्येचा कोरडा वारा असेपर्यंत ऊनच. तो आग्नेयेकडून वाहू लागला, की बंगालच्या उपसागरातलं बाष्प येतं आणि तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. कधी गाराही पडतात! कापलेला हरभरा झाकूनच ठेवा.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घ्याच, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की लगेच पक्क्या घरात जा, झाडाखाली मुळीच थांबू नका.