बिलगावची वीज

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झाला, आणि तेव्हापासून सरकारी दप्तरांत त्याचा परिचय बहुधा उणिवांच्या यादीने करून दिला जातो: कुपोषण, स्थलांतर, निरक्षरता, रस्त्यांची वानवा. यादीतील प्रत्येक बाब सत्य आहे. तथापि ज्या मुलखाची मोजदाद निरंतर त्याच्यापाशी काय नाही यावरूनच होते, त्याच्यापाशी काय आहे हे पाहण्याची सवयच हळूहळू मोडते, आणि विकास म्हणजे वरून उतरणारे दान, अशी समजूत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही होऊन बसते. या समजुतीला सातपुड्याच्या एका खोऱ्याने दिलेले उत्तर महाराष्ट्राने विसरू नये.

अक्राणी तालुक्यात उदई नदीच्या काठी बिलगाव वसले आहे. गावाजवळ नदी कड्यावरून खाली झेपावते. त्या धबधब्यावर, २००३ च्या जानेवारीत, गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने पंधरा किलोवॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा केला. तंत्रज्ञान घेऊन आले ते केरळमधील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे तरुण अभियंते, पाठबळ होते नर्मदा बचाओ आंदोलनाचे, आणि दगड, वाळू, घाम व निश्चय हे सर्व गावाचे. पंधरा किलोवॅट म्हणजे साठ वॅटचे अडीचशे दिवे. शहरातल्या वाचकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण जेथे विजेचा खांब पोहोचलाच नव्हता तेथे तोच आकडा पाड्यापाड्यांतील घरे उजळण्यास पुरेसा होता.

अशा योजनेची रचना समजण्यास कठीण नाही. नदीचे पाणी एका बुटक्या बंधाऱ्याने अडवायचे, पाटाने कडेकडेने वाहून नेऊन टाकीत साठवायचे, तेथून जाड नळातून वेगाने खाली सोडून यंत्रघरातील चक्रावर घ्यायचे, आणि चक्राने जनित्र फिरविले की तेच पाणी, थेंबही न गमावता, पुन्हा नदीच्या स्वाधीन करायचे. परंतु उन्हाळ्यात धार किती बारीक होते, पुराची रेषा कोणत्या खडकापर्यंत चढते, पाट कोणत्या उतारावरून नेला असता पावसाळ्यात ढासळणार नाही, याचे ज्ञान नकाशात नसते. ते पिढ्यानपिढ्या नदीकाठी राहिलेल्यांपाशी असते. श्रमाची गोष्टही तशीच. शेजाऱ्याच्या शेताला वा घराच्या उभारणीला सारा पाडा लोटावा, मजुरी कोणी मागू नये आणि घरधन्याने सर्वांना जेवू घालावे, ही ‘लाहा’ची रीत या डोंगरांत जुनी आहे, बिलगावच्या श्रमदानाला तिच्यासारखी पूर्वतयारी दुसरी कोणती असणार? ज्या लोकांना आपण ‘लाभार्थी’ म्हणून संबोधतो, त्यांनी येथे स्थपती, मजूर आणि मालक अशा तिन्ही भूमिका निभावल्या, ही या प्रकल्पाची माझ्या मते सर्वांत मोठी कमाई होय.

नर्मदाखोऱ्यात ही वृत्ती अकस्मात उपजलेली नव्हती. चिमलखेडी, निमगव्हाण येथे नव्वदीच्या प्रारंभी सुरू झालेल्या जीवनशाळांत मुले आपल्या बोलीत शिकू लागली होती, आणि जंगल, झाडपाला, गावाचा इतिहास यांनाही तेथे पाठ्यविषयाचे स्थान मिळाले होते. त्या खोऱ्यातील वीजनिर्मितीच्या कथेतून २००४ च्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटालाही प्रेरणा मिळाली.

चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही, तरी पुढे नावाजला गेला. प्रत्यक्ष प्रकल्प मात्र जेमतेम साडेतीन वर्षे टिकला. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाची उंची वाढविण्यात आली, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये फुगवट्याचे पाणी बिलगावच्या यंत्रघरात शिरून ते उद्ध्वस्त झाले. गावाने स्वतः घडविलेली वीज मोठ्या विजेच्या योजनेखाली बुडाली, ही घटना लिहिताना आजही मन उद्विग्न होते. स्थानिक सामर्थ्य कितीही असले, तरी आपल्या पाण्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या जोडीला नसेल, तर ते दुसऱ्याच्या मर्जीवर जगते.

त्या अधिकाराचा काही अंश कायद्यात आहे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीच्या विकासयोजनांना ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते, तसेच भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते २०१४ साली, म्हणजे बिलगावचे यंत्रघर बुडाल्यानंतर आठ वर्षांनी. आता तरी या डोंगरांत एखादी योजना आखण्यासाठी अधिकारी जातील, तेव्हा त्यांनी प्रथम ग्रामसभेत बसून गावातले झरे, धबधबे, पाट आणि ते जाणणारी माणसे यांची नोंद करून घ्यावी, आणि अंदाजपत्रकाचा कागद त्या नोंदीनंतरच उघडावा.