गुणपत्रिका नियतकालिकाची

आपल्या अनेक घरांत मुलगा, सून किंवा भाची पीएच.डी. करत असते. मग ‘पेपर कुठे आला? इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ अशी चर्चा जेवतानाही रंगते. हा आकडा सांगतो तरी काय?

हिशोब सोपा आहे. समजा, एका नियतकालिकाने मागील दोन वर्षांत १०० लेख छापले आणि यंदा संशोधकांनी त्यांचा ३०० वेळा संदर्भ दिला, तर इम्पॅक्ट फॅक्टर ३. ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली. ग्रंथपालांना नियतकालिके निवडताना ती उपयोगी पडली. पुढे मात्र याच आकड्यावर माणसांच्या नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या.

अडचण अशी की ही सरासरी आहे. वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाचे गुण कळत नाहीत. शिवाय संदर्भ म्हणजे शाबासकी नव्हे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला लेख खोडून काढण्यासाठीही पुष्कळांनी उद्धृत केला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला.

त्याच वर्षी ‘अल्टमेट्रिक्स’ हा शब्द पुढे आला. यात बातम्या आणि समाजमाध्यमांवरचे उल्लेख मोजतात. पण गाजावाजा म्हणजे गुणवत्ता नव्हे.

खोटा इम्पॅक्ट फॅक्टर मिरवून, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही आहेत. तेव्हा मुलांनो, पैसे भरण्याआधी संपादक मंडळ तपासा, मार्गदर्शकांना विचारा. आणि घरच्यांनो, आकड्याआधी एवढेच विचारा : ‘तू शोधलंस काय?’