प्रकल्पप्रमुखानें वस्ताद कसें व्हावें?

पूल, धरण, इमारत किंवा संगणकाची एखादी नवी प्रणाली ठरलेल्या मुदतींत व ठरलेल्या पैशांत पुरी करून देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला आज आपण प्रकल्पप्रमुख म्हणतों. माझ्या हाताखालून गेलेले कांहीं विद्यार्थी आज अशा जागांवर आहेत. भेटीस आले म्हणजे त्यांची तक्रार बहुधा एकच असते: "गुरुजी, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मलाच पाहावी लागते. एक दिवस रजा घेतली तर काम अडतें." हाताखालची माणसें हुशार, साधनें उत्तम, मग काम एकाच माणसापाशीं कां अडावें? माझ्या मतें याचें कारण असें कीं, या प्रमुखांना काम करवून घेतां येतें, परंतु माणूस तयार करतां येत नाहीं. ही दुसरी कला कोणती, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंग्रजींत या कलेला 'कोचिंग' म्हणतात. शब्दाची कुळकथा मौजेची आहे. हंगेरी देशांत कोच नांवाचें एक गांव आहे. तेथें पंधराव्या शतकांत बनूं लागलेल्या घोडागाडीला त्या गांवाचें नांव पडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील विद्यार्थी, परीक्षेच्या पैलतीरीं पोंचविणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना थट्टेनें 'कोच' म्हणूं लागले. परंतु गाडींत बसलेला मनुष्य मुक्कामीं पोंचतो, चालावयास मात्र शिकत नाहीं. म्हणून प्रकल्पप्रमुखाला आमच्या तालमींतल्या वस्तादाचा दाखला अधिक शोभेल. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. पट्ठ्याचा पाय कोठें चुकतो आहे, तें त्याला दिसतें. पण कुस्ती पट्ठ्यानेंच करावयाची असते.

आतां ही वस्तादकी कचेरींत किंवा बांधकामावर कशी चालवावी? या विषयावर सर जॉन व्हिटमोर यांचा 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' हा इंग्रजी ग्रंथ १९९२ सालीं निघाला. त्यामुळें चार पायऱ्यांची एक पद्धति सर्वत्र माहीत झाली. ध्येय, वस्तुस्थिति, पर्याय आणि निश्चय, अशा त्या चार पायऱ्या होत. समजा, एक तरुण इंजिनियर येऊन म्हणतो, "साहेब, सळई आली नाहीं. सोमवारचा स्लॅब होत नाहीं." उतावळा प्रमुख लगेच फोन उचलतो, पुरवठादारावर रागावतो आणि सळई आणवितो. काम झालें, पण तरुण काय शिकला? अडचण आली कीं साहेबांकडे जावें, एवढेंच. पुढच्या महिन्यांत तो दुसरी अडचण घेऊन दारांत उभा राहील.

वस्ताद प्रमुख त्याला विचारील, "स्लॅब कोणत्या दिवसापर्यंत झालाच पाहिजे?" हें झालें ध्येय. "जागेवर सळई किती आहे, कोणत्या जाडीची कमी आहे, आणि पुरवठादार नेमकें काय म्हणाला?" ही वस्तुस्थिति. "मग आपल्यापुढें मार्ग कोणते? आणखी एखादा सुचतो का?" हे पर्याय. "यांतला तुम्ही कोणता धरणार, आणि मला केव्हां कळविणार?" हा निश्चय. मोजदाद करतांना त्या तरुणालाच आढळेल कीं, कमी आहे ती एकाच जाडीची सळई, आणि तेवढी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून उद्यां मिळूं शकेल. या संवादाला दहा मिनिटें लागतात, फोनला दोन. परंतु वरचीं आठ मिनिटें पुढें अनेक दिवस वांचवितात.

प्रश्न विचारला कीं गप्प बसावें, हा दुसरा नियम. तो आम्हां शिक्षकांना देखील कठीण जातो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनीं शाळाशाळांतून पाहणी केली. तेव्हां असें दिसलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच बोलतात. हेंच थांबणें तीन सेकंदांवर नेलें, तेव्हां मुलांचीं उत्तरें लांब व विचारपूर्वक येऊं लागलीं. प्रमुखाच्या खोलींतहि हेंच करून पाहावें. ज्याला पोटापाण्याची काळजी आहे, तो मनुष्य वरिष्ठांपुढें बोलण्यापूर्वीं शब्द तोलून पाहतो. त्याला तेवढा अवसर दिला पाहिजे.

तिसरा नियम दोष दाखविण्याचा. "तुम्ही असें कां केलें?" या प्रश्नांत आरोपाचा वास येतो, आणि मनुष्य कारणें शोधूं लागतो. "काय काय घडलें, तें सांगा," असें म्हटलें तर तो हकीकत सांगतो. तसेंच, "तुम्ही निष्काळजी आहां," या वाक्यानें कोणी सुधारत नाहीं. "बुधवारचा अहवाल शुक्रवारीं आला, म्हणून गवंडी दोन दिवस बसून राहिले," असें सांगितलें, तर काय सुधारावयाचें तें कळतें. हें बोलणें लवकर व्हावें, आणि चारचौघांत होऊं नये.

मात्र सदासर्वकाळ प्रश्नच विचारीत बसणें हेंहि शहाणपण नव्हे. काँक्रीट ओततांना सेंट्रिंग खचूं लागलें, तर "तुम्हांला काय वाटतें?" असें विचारण्याची ती वेळ नसते, तेथें हुकूमच द्यावा. आणि ज्याला विषयाची बाराखडीहि येत नाहीं, त्याला आधीं शिकवावें, मग विचारावें. रिकाम्या विहिरींत पोहरा सोडून पाणी येत नाहीं.

या सर्वांच्या मुळाशीं एक गोष्ट आहे. हाताखालच्या माणसाला आपलें मत सांगण्याची भीति वाटतां कामा नये. याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत घडलें. एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या भारतीय अग्निबाणाच्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, आणि इस्रो या संस्थेचे अध्यक्ष प्राध्यापक सतीश धवन होते. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोट्याहून झालेलें पहिलें उड्डाण फसलें, आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरांत कोसळला. त्या दिवशीं पत्रकारांपुढें धवन स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनीं आपल्याकडे घेतली आणि आपल्या मंडळींवरचा विश्वास बोलून दाखविला. १८ जुलै १९८० रोजीं रोहिणी उपग्रह कक्षेंत पोंचला, तेव्हां मात्र पत्रकारांपुढें बोलावयास त्यांनीं कलामांना सांगितलें. ही हकीकत कलामांनीं पुढें अनेक भाषणांतून कृतज्ञतेनें सांगितली. अपयश आपल्या माथीं घेणारा वडीलधारा मागें उभा असला, म्हणजे धाकट्याला पुन्हां प्रयत्न करण्याचें धैर्य येतें.

म्हणून माझ्या प्रकल्पप्रमुख मित्रांना एवढेंच सुचवितों: उद्यां कोणी अडचण घेऊन आला, तर उत्तर तोंडावर आलें असतांहि एक प्रश्न आधीं विचारा, आणि थांबा. आपण गैरहजर असतांना ज्या दिवशीं काम नीट चालेल, त्या दिवशीं आपण परीक्षेंत उतरलों असें समजा.