खाजवत खाजवत वाचा!

रावेर ओलांडून गाडी बऱ्हाणपूरला टेकली की तीन गोष्टी हमखास भेटतात: केळीच्या बागा, पॉवरलूमची खटखट आणि घाम. पहिल्या दोन शहराला पोसतात, तिसरा बुरशीला! मांडीत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, पावसाळाभर तिचीच चंगळ. तेव्हा ओळख करून घेऊ. खाज आली तर थांबून खाजवा, पण नखं कापलेली असू द्या.

करपा लागत नाही, धडा लागू पडतो
केळीच्या पानावरचा करपा बुरशीमुळे होतो, कमरेवरचं गजकर्णही बुरशीमुळेच. दोन्ही बुरशा निराळ्या, त्यामुळे बागेतला करपा अंगावर येत नाही. पण शेतकऱ्याचा उपाय उचलण्यासारखा: दाटी नको, हवा खेळू द्या, ओल साचू देऊ नका. माणसासाठी याचा अर्थ घट्ट जीन्सला सुट्टी आणि सैल सुती कपडे. विणकरांच्या गावात कापडाला काय तोटा!

गजकर्ण गोलच का?
ही बुरशी त्वचेच्या वरच्या, मेलेल्या थरातलं केराटिन खाते. मधल्या भागातून शरीर तिला हुसकावतं आणि ती ताज्या खाद्याच्या शोधात बाहेर सरकते. म्हणून कड लाल, खपलीदार आणि मधला भाग निवळलेला. केस आणि नखंही केराटिनचीच, त्यामुळे मेजवानी तिथेही. खरूज मात्र वेगळी. ती सूक्ष्म किडीमुळे होते, तिच्यावर बुरशीचं मलम वाया.

चिखल्यांची आवडती जागा
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. पायाची बोटं तिथेच सर्वांत चिकटून असतात, हवा शिरत नाही. पाण्यात, चिखलात राबणाऱ्यांचं पाय नुसते धुऊन भागत नाही, बेचकं पुसून कोरडं करावं लागतं. मधुमेह असेल तर बेचक्यातली भेग किरकोळ समजू नका. तिच्यातून जिवाणू शिरले की अख्खा पाय सुजतो.

हमामातली फरशी
बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातल्या मुघल हमामात पर्यटक माना वर करून छतावरची नक्षी बघतात. त्वचारोगतज्ज्ञ आला तर आधी फरशी बघेल! ओली, उबदार आणि अनेकांच्या अनवाणी पायांची जागा बुरशीच्या सोयीची. आज तो मान जिमच्या न्हाणीघराला आणि तरणतलावाच्या काठाला. तिथे पायात चप्पल हवीच. टॉवेल, मोजे, कंगवा ज्याचा त्याचा.

कोंड्याला तेलाची मेजवानी
कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर राहते आणि तेलकटपणावर जगते. तेल चोपडल्यावर खपल्या चिकटून बसतात, म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो. पाठीवर, छातीवर उमटणारी शिबंही हिचीच करामत. पांढरे डाग बघून लगेच कोड समजून रडू नका.

‘मेडिकल’वरची जादूची ट्यूब
लावली की खाज गायब, सोडली की दुप्पट. कारण? अशा अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि बुरशी बिनधास्त पसरते. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का, ते वाचा. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ‘तीच ट्यूब द्या’ म्हणणारे आपणच!

नवी हट्टी जात
ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, गजकर्णाचीच एक बुरशी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला ती बऱ्याचदा जुमानत नाही. म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

पिंपरीच्या मातीतून औषध
पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी अशी जीवशास्त्रात अमर झाली!

चित्रकार डॉक्टरची बुरशी
‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते. अनवाणी शेतकऱ्यांचा पाय सुजवून पोखरणाऱ्या ‘मदुरा फूट’वर त्यांनी १८७४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि बुरशीकडे बोट दाखवलं. काही रुग्णांत हे काम जिवाणूंचं असतं, हे पुढे कळलं. काटा रुतला की रोग आत शिरतो, म्हणून शेतात पायात जोडे हवेत.

नखाला घाई नसते
हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून बरंच हळू. औषधाने बुरशी मेली तरी पिवळं, जाड नख पुढे सरकून नवं यायला पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. महिन्याभरात ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडू नका.

धुलाईचं गणित
एकाला झालं की घरच्यांचीही तपासणी करा, नाहीतर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहतं. रुग्णाचे कपडे वेगळे, ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. ऊन बऱ्हाणपुरात फुकट आणि भरपूर!

दोनाचा पाढा
डॉक्टरांनी दिलेलं मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही पुढे दोन आठवडे. बहुतेकांचा पाढा शेवटच्या ओळीत चुकतो. डोक्यात, नखात किंवा चेहऱ्यावर असेल, पुन्हा पुन्हा उलटत असेल, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या. लाजू नका, निम्मं निदान त्या पिशवीतच सापडतं!