गाडी ओढतेय? आधी सांगा, नक्की कधी!

टर्बोची मजा, सेकंडहँडचा सौदा आणि नगर रोडवरचा एक झटका. गाडी विचित्र वागायला लागली की पार्ट बदलायच्या आधी काय करायचं, त्याचा हा साधा फंडा!

शनिवारची सकाळ. शिरूरचा पूल मागे पडलेला, पोटात मिसळ आणि गाणी फुल व्हॉल्यूमवर. गाडी माझ्या मावसभावाची. आयटीतला पहिला मोठा बोनस आणि वर थोडं लोन, यातून घेतलेली सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक. घेऊन जेमतेम दोन महिने झालेले.

सुप्याच्या अलीकडे दादानं ट्रकला ओव्हरटेक करायला रेस दिली आणि गाडीनं नाक उजवीकडे वळवलं. पुढची कार स्लो झाली म्हणून त्यानं पाय उचलला, तर गाडी डावीकडे सरकली, थेट ट्रकच्या चाकांकडे! स्टीअरिंग त्यानं हलवलंही नव्हतं. कसंबसं सावरलं. मी गाणी बंद केली. पुढची दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

दादाला हा प्रकार नवा नव्हता. तीनदा अलाइनमेंट झालं होतं, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर नवे टाकले होते. बोनस संपला, गाडी तश्शीच.

नगरमध्ये (म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरमध्ये) एका नातेवाइकानं आम्हाला एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे धाडलं. दादा म्हणाला, “काका, गाडी ओढते.”

“ओढते ते कळलं. कधी ओढते? रेस देता तेव्हा, सोडता तेव्हा, का ब्रेक मारता तेव्हा?”

दोन महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता! “रेस दिली की उजवीकडे, सोडली की डावीकडे,” दादा म्हणाला. काकांनी गाडी रॅम्पवर घेतली, खाली जाऊन एका लोअर आर्मला टॉमी लावली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. मागचा रबरी बुश पार फाटला होता. रेस दिली की ते चाक पुढे सरकायचं, पाय उचलला की मागे. म्हणजे चाकाची दिशा दर वेळी बदलत होती. उभ्या गाडीचं अलाइनमेंट मशीनवर परफेक्ट येणारच की!

सगळा खेळ ‘कधी’चा

गाडीची तक्रार बहुतेक जण एका शब्दात सांगतात. ओढते, थरथरते, आवाज करते. पण डॉक्टरला नुसतं ‘दुखतंय’ सांगून भागत नाही, तसंच हे. लक्षण कधी येतं, यावर अर्धं निदान होतं.

ठरावीक स्पीडला थरथर येते? सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मॅन्युअल गाडी असेल तर न्यूट्रल करून बघा. इंजिन मात्र चालूच ठेवा. थरथर तशीच राहिली तर टायर, रिम किंवा बॅलन्सिंगवर संशय. थांबली तर इंजिन, माउंटिंग किंवा एक्सलवर. फक्त रेस देताना थरथरत असेल तर एक्सलचा आतला जॉइंट तपासा. पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर ‘टक-टक-टक’ येत असेल तर बाहेरचा. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला दिसतंच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला (एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील तर हे करू नका). ओढण्याची बाजूही बदलली तर दोष टायरचा. खर्च जवळपास शून्य!

आरपीएम चढतो पण स्पीड वाढत नाही? क्लच घसरतोय. गिअर टाकून निघताना ‘धप्प’ होतं? इंजिन माउंटिंग. घूं-घूं आवाज वळणावर कमी-जास्त होतो? चाकाचं बेअरिंग.

हौसेला मोल असतं

जास्त ताकदीच्या गाड्यांचे काही नखरे जन्मजात असतात. याच रस्त्यावरच्या रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो आठवतेय? २०१५ मध्ये आली, १४५ बीएचपी आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. अशा गाड्यांत जोरात रेस दिली की स्टीअरिंगला थोडा झटका बसणं नॉर्मल. त्याला टॉर्क स्टीअर म्हणतात. पण कालपर्यंत नसलेला झटका आज आला, तर तो नखरा नाही, बिघाड आहे.

आणि काही दुखणी आपणच विकत आणतो. गाडी खाली बसवली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळू पाहतं. रुंद टायर टाकले की गाडी रस्त्यातल्या चरांच्या मागे धावते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर दोन नवे, दोन झिजलेले टायर टाकायचा मोह टाळा. चाकांचा घेर वेगळा झाला की मधल्या यंत्रणेला विनाकारण राबावं लागतं. दिसायला भन्नाट, चालवायला डोकेदुखी!

नगरकरांचं रोजचं काम

गंमत म्हणजे गाडीला नेमके प्रश्न विचारायचं काम या शहरात पगारी नोकरी म्हणून चालतं. वाहननगरमधली व्हीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा. लष्करी वाहनांचं संशोधन हे तिचं मुख्य काम. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार नव्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांमध्येही तिचं नाव आहे. पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून नगरच्या ट्रॅकवर गाड्या पळतायत.

टेस्ट ट्रॅकचं तत्त्व मिस्त्रीकाकांसारखंच. रस्ता तोच, स्पीड तोच, बदल एकाच गोष्टीत. एका वेळी चार पार्ट बदलले तर गाडी सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही. पैसे मात्र चारही पार्टचे जातील.

मोठ्या कंपन्यांनाही हे धडे महागात पडलेत. १९९८ मध्ये आलेली ऑडी टीटी दिसायला स्वप्नवत. पण जर्मनीत सुसाट स्पीडला लेन बदलताना किंवा अचानक पाय उचलल्यावर मागची बाजू हलकी होऊन सुटायची. जीवघेणे अपघात झाले. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, मागे स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी दिलं. ‘रेस सोडल्यावर’ हे लक्षण किती गंभीर असू शकतं, ते यावरून कळावं.

तेव्हा गाडी विचित्र वागली तर हायवेवर स्पीड वाढवून ‘चेक’ करू नका. सावकाश गॅरेज गाठा. जाण्याआधी मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवा: स्पीड किती, गिअर कोणता, पाय कुठे, स्टीअरिंग कुठे. आणि मेकॅनिकनं ‘कधी?’ न विचारताच पार्टची यादी सांगितली, तर गोड बोलून दुसरं गॅरेज शोधा.

आमचा लोअर आर्म संध्याकाळपर्यंत बदलून झाला. बिल नव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या मानानं किरकोळ. परत येताना सुप्याजवळ रस्ता मोकळा बघून दादानं हलकेच रेस दिली, सोडली. गाडी सरळ. मी गाणी परत लावली.

काढलेले जुने शॉक ॲब्सॉर्बर अजून त्याच्या डिकीत पडलेत. काकांनी तेही बघितले होते. एकदम ठणठणीत!